साडेपाचची चाचणी

१४ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, चिडचिड कागदावर काढा, बायकोवर नको. घ्या, काढतो.

आज दुपारी बारा वाजता फ्रिजवरचा माझा जुना रेडिओ स्कॅनर, दलाचं बोलणं ऐकायचा तो, मेला. म्हणजे यंत्र ठीक आहे, त्याला ऐकायला काही उरलेलं नाही. एल्क फोर्कच्या अग्निशामक दलाने आज जुना चॅनल सोडला आणि काउंटीच्या नव्या डिजिटल यंत्रणेत उडी घेतली. आता त्या डब्यातून नुसती खरखर येते. सत्तावीस वर्षं फायर स्टेशनच्या मागच्या खोलीत बसून, मदतीचे फोन घेऊन, मी रेडिओवर या गावाला हाक मारली. कुणाचं धुराडं पेटलं, कुणाची म्हातारी जिन्यावरून पडली, सगळं माझ्या तोंडून बाहेर गेलं. ऑक्टोबरात ते काम काउंटीकडे गेलं आणि ती खोली बंद केली. मला एक केक दिला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ रोज चार मिनिटं मागे पडतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीत माझीच मुलगी जेनीन बसायची. तिला काम मी शिकवलं. खोली बंद झाल्यावर पंधरवड्यात तिने तीस मैलांवरच्या काउंटीच्या नव्या केंद्रात नोकरी धरली. थँक्सगिव्हिंगला मी तिला भरल्या ताटावरून फितूर म्हणालो. त्यानंतर ती इकडे फिरकलेली नाही.

२५ जानेवारी, शनिवार

नवा डिजिटल स्कॅनर आला. पुस्तिका एकशे चाळीस पानांची. नॉर्मा म्हणाली, "आपल्या लग्नाला सुद्धा एवढं वाचायला लागलं नव्हतं." मी मर्लला बोलावलं. मर्ल टिडबॉल पंचवीस वर्षं स्कॅनर ऐकतो, काउंटीतल्या सगळ्या ऐकणाऱ्यांचा तो गुरू. येताच त्याने आधी ॲपल-पायचा मोठा तुकडा मागितला.

"लाइल, जुनं सगळं डोक्यातून काढ," तो म्हणाला. "पूर्वी प्रत्येकाचा आपापला चॅनल होता. आता सगळ्या काउंटीत मिळून सहा. कुणी कुठं बोलायचं ते यंत्र ठरवतं. ट्रंकिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे कुणाचंच काही नाही."

"तुझं रडगाणं नंतर. रविवारी चर्च सुटल्यावर बॉनीच्या हॉटेलात जातोस ना? दारात बॉनी उभी. जे टेबल रिकामं तिथं ती बसवते. आज खिडकीशी, उद्या संडासाशी. मंडळी तीच, टेबल वेगळं. मंडळी म्हणजे टॉकग्रुप. फायरवाल्यांचा एक, शेरीफचा एक. आणि एका चॅनलवर ही बॉनी दिवसभर सांगत असते, अमके तिसऱ्या टेबलावर, तमके पाचव्या. तुझा स्कॅनर तिचं ऐकतो आणि पळत त्या टेबलाशी जाऊन उभा राहतो."

"आणि दोन टेबलं एकदम बोलायला लागली तर?"

"तर एकच ऐकू येणार. कान एकच आहे, बाबा. म्हणून यादी छोटी ठेव आणि फायरला प्राधान्य लाव."

मर्ल गेल्यावर मी सगळेच ग्रुप भरले. एकूण त्रेचाळीस. शेरीफ, बर्फ काढणाऱ्या गाड्या, शाळेच्या बस, कुत्री पकडणारा सुद्धा. ज्यांनी माझी खोली बंद केली ते काय दिवे लावतात ते मला पूर्ण ऐकायचंय. प्राधान्य लावून पाहिलं, पण मग यंत्र सारखं फायरकडे डोकावतं आणि दर दोन सेकंदांनी बाकीच्यांचा आवाज तुटतो. काढून टाकलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वही घातली आहे. वेळ, ग्रुप, चूक. दहा दिवसांत एकवीस चुका. रस्त्याचं नाव चुकलं, घरनंबर दोनदा विचारला, एका पोरीने चालू रेडिओवर चक्क जांभई दिली.

माणसं ओळखू येत नाहीत ही एक आणखी पीडा. माझ्या वेळी मी श्वासावरून सांगायचो कोण बोलतंय. या डिजिटलमधून सगळे सारखेच, सगळ्यांना पडसं झाल्यासारखे.

दहा मार्चला गावची सभा आहे. काउंटीशी केलेला करार पुढे चालू ठेवायचा की आपली खोली पुन्हा उघडायची, ते त्या दिवशी ठरेल. वही भक्कम झाली तर खोली उघडेल. दोन खुर्च्या अजून तिथंच आहेत, मी खिडकीतून बघून आलो. एक माझी, एक जेनीनची. तिला परत यावंच लागेल. एवढ्यासाठीच तर हे सगळं चाललंय, पण नॉर्माला वाटतं मी सूड घेतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज कमालच झाली. रोज संध्याकाळी साडेपाचला केंद्रातून प्रत्येक गावातल्या स्वयंसेवक फायरवाल्यांच्या पेजरची चाचणी होते. टोन वाजतात, "ही फक्त चाचणी आहे," वेळ सांगतात, संपलं. पण आज आमच्या गावाच्या चाचणीनंतर ती बाई पुढे म्हणाली, "बाहेर अकरा अंश. पुलावर बर्फ. सावकाश जा, परत या."

हे माझं आहे! सत्तावीस वर्षं मी चाचणीनंतर फॅरेनहाइटमध्ये हवामान सांगायचो आणि "सावकाश जा, परत या" म्हणायचो. कुणी सांगितलं नव्हतं, माझी आपली पद्धत. खोली घेतली, खुर्ची घेतली, आता तोंडातले शब्द पण घेतले. कुठल्या तरी पोरीने जुन्या टेपा ऐकून थट्टा मांडली असणार.

नॉर्मा कणीक मळत होती. थांबली आणि हसली. म्हणाली, "लाइल, उद्या नीट ऐक."

"नीटच ऐकतोय. दुसऱ्या गावांची चाचणी नऊ सेकंदांची. आपली चौदा. पाच सेकंद चॅनल फुकट अडवला. वहीत लिहिलंय."

ती पुन्हा कणकेकडे वळली. पोळपाटावर गोळा जरा जोरातच आपटला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नॉर्मा जेनीनच्या कामाच्या पाळीबद्दल काहीतरी सांगत होती. माझ्या कानात इअरफोन होता. शेरीफची माणसं एका चोरलेल्या ट्रॅक्टरमागे लागली होती. मी मान हलवली. ट्रॅक्टर सापडला.

साडेपाचला पुन्हा हवामान. "वीस अंश. रात्री धुकं. सावकाश जा, परत या." आठवा दिवस. चौदा सेकंद.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ड्वेन स्टकी गेला.

चाळीस वर्षं माझे केस त्याने कापले. त्याचं घर आमच्यापासून चौथं. सकाळी स्वयंपाकघरात कोसळला. वहीत जसं आहे तसं इथे उतरवतो, कारण हे पुढे लागणार आहे.

७:३० ते ७:३४. शाळेची बस अकरा आणि बस चार. मिल रोडवर हरीण. उभं आहे, बसलं, पुन्हा उठलं, त्याला हॉर्न द्यावा की नाही. चार मिनिटं हरीण! जनतेच्या पैशातली यंत्रणा आणि तिच्यावर हरणाचं चरित्र.

७:३६. एल्क फोर्क फायर. सुरुवात कापली गेली, नेहमीसारखीच. "...मेपल स्ट्रीट, पुरुष, वय एकाहत्तर, श्वास नाही."

७:५२. अँब्युलन्स दारात.

मी कोट चढवून धावलो तोवर गॅलन आणि दुसरा एक जण त्याच्या छातीवर दाब देत होते. गॅलन ऑट हा दलाचा कॅप्टन. माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दफन. जमीन इतकी गोठलेली की खड्ड्यासाठी यंत्र आणावं लागलं. नंतर चर्चच्या तळघरात जेवण. कुस्करलेल्या बटाट्यावर चिकन आणि शेवया, ड्वेनला आवडायचं तेच.

ड्वेनची बायको फर्न म्हणाली, "मी लगेच फोन केला, लाइल. शेगडीवरच्या घड्याळात साडेसात होते. बरोबर साडेसात."

मी वही खिशातच ठेवली होती. म्हणालो, "फर्न, त्यांनी पेज केलं सात छत्तीसला. सहा मिनिटं. सहा मिनिटं ती पोरगी तिथं काय करत होती?"

फर्नने काटा खाली ठेवला. "सहा मिनिटं?"

नॉर्माने मला कोपराला धरून बाहेर काढलं. गाडीत म्हणाली, "त्या बाईच्या ताटात अजून घास होता." खरं सांगायला मुहूर्त लागतो का?

७ मार्च, शुक्रवार

फायर स्टेशनात लेंटच्या उपवासातली मासे-पार्टी. गावात सगळ्यांना सहा मिनिटांचं कळलंय. किती जणांनी पाठ थोपटली मोजलं नाही, पण खांदा दुखतोय. बॉनी म्हणाली, "तू तिथं असतास तर ड्वेन आज इथं बसला असता." मी नको नको म्हटलं. पण मला ते आवडलं, लिहायला काय लाजायचं.

गॅलन कढईपाशी होता. मला बाजूला घेतलं. "लाइल, छत्तीसचा पेज तू ऐकलास. तो पहिलाच होता हे नक्की?"

"वहीत आहे."

"वहीत आहे ते तू ऐकलेलं. त्या सकाळी आम्ही... बघ, दिवसा गावात माणसंच नसतात. सगळे कामावर. माझा पेजर ट्रकमध्ये..." तेवढ्यात कुणीतरी कोबीची कोशिंबीर संपल्याची आरोळी ठोकली आणि तो गेला. आपल्या माणसांनाही काउंटीने घाबरवून ठेवलंय.

१० मार्च, सोमवार

सभा. खुर्च्या कमी पडल्या. काउंटीकडून टाय लावलेला एक माणूस आला होता. मी उभा राहून वाचलं. एक, चुकांची यादी. दोन, ड्वेन स्टकी आणि सहा मिनिटं. तीन, रोज साडेपाचच्या चाचणीत कामाव्यतिरिक्त बडबड, हवामान वगैरे, पाच सेकंद चॅनल अडवून ठेवणं, शिस्तीचा अभाव.

टायवाल्याने तिसरा मुद्दा दोनदा विचारून लिहून घेतला. "तारखा आहेत?"

"सगळ्या आहेत," मी म्हणालो आणि वाचून दाखवल्या.

टाळ्या पडल्या. फर्न पहिल्या रांगेत होती, ती रडत होती. करार महिनाभर लांबणीवर. म्हणजे अर्धं जिंकलोच. नॉर्मा आली नव्हती. घरी आलो तेव्हा ती दिवा घालवून झोपली होती. कधी नव्हे ते आठलाच.

१४ मार्च, शुक्रवार

आज तिसरा दिवस, साडेपाचला हवामान नाही. नऊ सेकंद. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट सुधारली. जेवताना नॉर्माला तसं सांगितलं.

नॉर्मा म्हणाली, "जेनीनला घरी बसवलंय. बुधवारपासून. चौकशी होईपर्यंत."

"जेनीन? ती रात्रपाळीला असते."

"महिना झाला, दिवसपाळीला आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. एल्क फोर्कचं टेबल तिने मागून घेतलं होतं. मी सांगितलं तुला. तू मान हलवलीस."

"मग तू परत का नाही सांगितलंस? इतके दिवस?"

"मला वाटलं, आवाज ओळखशील. रोज वाट बघत होते, आज ओळखेल, उद्या ओळखेल. सभेच्या आधी मी तिला फोन केला. म्हटलं, सांगू का त्याला? म्हणाली, नको, मम्मी. नाव कळल्यावर गप्प बसला तर काय उपयोग." नॉर्माने ताट बाजूला सारलं. "आपली पोर आहे ती, लाइल. तुला श्वास ओळखू यायचा ना माणसांचा?"

१५ मार्च, शनिवार

स्कॅनर लावला नाही.

२७ मार्च, गुरुवार

जेनीन आली. कोट काढला नाही. तिच्या आईने कॉफी ठेवली, तिने ती प्यायली नाही.

"वही आण, डॅड."

आणली. तिने पर्समधून काउंटीचा छापील कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि कागद वाचला. "सात तीस, वीस सेकंद, फर्नचा फोन. सात एकतीस, पाच सेकंद, एल्क फोर्कला पहिला पेज. माझा. पंचेचाळीस सेकंदांत. कुणीही उत्तर दिलं नाही. मी फर्नला फोनवर छाती दाबायला शिकवत होते, आणि तेव्हाच उत्तराची वाट बघत होते. सात छत्तीस, दुसरा पेज. तोच तू ऐकलास. आता तुझ्या वहीत बघ. सात एकतीसला तू कुठे होतास?"

मला वाचायची गरज नव्हती. हरीण.

तिने बोट ठेवलं. "तुझ्याच अक्षरात. चार मिनिटं. तू बसवाल्यांचं ऐकत होतास."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता इथे लिहिताना नीट समजतंय. तेव्हा मी म्हणालो, "जुना एकच चॅनल असता तर मला पहिला पेज ऐकू आला असता. म्हणजे दोष यंत्रणेचाच झाला."

जेनीनने कागदाची घडी घातली.

"तू ऐकला असतास तरी काय झालं असतं? पेज तुझ्यासाठी नव्हता, डॅड. ज्यांच्यासाठी होता ते कामावर होते. सगळ्या गावात त्या वेळी सात पेजर होते आणि पाच जण गावाबाहेर. हे गॅलनने चौकशीत कबूल केलं. सभेत उभं राहून बोलण्याची त्याची हिंमत नव्हती. तुझी होती."

नॉर्मा म्हणाली, "म्हणजे तू सुटलीस ना?"

"ड्वेनच्या बाबतीत सुटले. सोमवारपासून कामावर. पण फाइलला एक ताकीद लागली." ती कडवट हसली. "अकरा वर्षांतली पहिली. चाचणीच्या वेळी कामाव्यतिरिक्त बोलणं. तारखांसकट पुरावा होता."

मी म्हणालो, "मला काय माहीत ते तू होतीस!"

"ते तुझ्यासाठी होतं. फोन केला असता तर तू उचलला नसतास. मला माहीत होतं तू नवा स्कॅनर घेतलायस. म्हटलं, हे तरी ऐकेल." ती उठली. "माणसाने दुसऱ्याला हाक मारायची किती तऱ्हेने?"

दारापर्यंत मी गेलो. माफी माग, माफी माग असं आतून कुणीतरी ओरडत होतं. मी म्हणालो, "पुलावर बर्फ आहे." ती म्हणाली, "माहितेय." आणि गेली.

३ एप्रिल, गुरुवार

फर्नकडे गेलो. सहा मिनिटांचं खरं काय ते सगळं सांगितलं, हरणासकट. तिने ऐकून घेतलं. ड्वेनची केस कापायची खुर्ची तिने ओसरीवर आणून ठेवली आहे, त्यात मांजर बसलं होतं.

"म्हणजे माझा फोन वेळेवर गेला. पोरीने हाक वेळेवर दिली. आणि आलं कुणी नाही," ती म्हणाली.

"हो."

"तू मला सहा मिनिटं दिली होतीस, लाइल. राग धरायला कुणीतरी परकं होतं. आता मी काय करू? गॅलनच्या बायकोसोबत मी चर्चमध्ये गाते." दार लावता लावता म्हणाली, "पुन्हा काही कळलं तर आपल्याजवळच ठेव."

२२ एप्रिल, मंगळवार

गावाने करार पुढे चालू ठेवला. दहा मिनिटांत. आमच्या खोलीत आता बर्फाची फावडी ठेवणार आहेत. आणि काउंटीने जाहीर केलंय की एक मेपासून सगळे ग्रुप कूटबद्ध होतील, अर्धवट ऐकून गैरसमज पसरतात म्हणून. बाहेरच्या कुठल्याही स्कॅनरला शब्द ऐकू येणार नाही.

मर्लचा फोन आला. "पंचवीस वर्षं, लाइल! वादळ आलं की माझी आई याच्यावर ऐकून तळघरात जाते. साठ-सत्तर घरं आहेत अशी. तुझ्या एका वहीपायी सगळ्यांचे कान बंद केले."

"मर्ल, मी—"

"यादी छोटी ठेव म्हणालो होतो. प्राधान्य लाव म्हणालो होतो. दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, गाढवा." फोन ठेवला.

१ मे, गुरुवार

दुपारी बारा. पुन्हा बारा. शेरीफची माणसं कुठल्याशा गाईबद्दल बोलत होती ती वाक्याच्या मध्येच नाहीशी झाली.

स्कॅनरचा पडदा मात्र जिवंत आहे. बॉनी दारात उभीच आहे. कुठली मंडळी कुठल्या टेबलावर बसली ते दिसतं, नावं उजळतात, विझतात. आवाज नाही. हॉटेलच्या बाहेर थंडीत उभं राहून काचेतून बघावं तसं.

त्रेचाळीसपैकी बेचाळीस ग्रुप काढून टाकले. एक ठेवला. प्राधान्यसुद्धा लावलं. आता तुटायला आवाजच नाही.

९ मे, शुक्रवार

जेनीन रविवारी आईला फोन करते. मी खोलीत आलो की नॉर्मा म्हणते, "बरं, ठेवते." मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्यात माफी आहे, पहिल्यात नव्हती. पोस्टात दुसरंच टाकलं. उत्तर नाही.

आज साडेपाचला टेबलाशी बसलो. हातात घड्याळ, बक्षीस मिळालेलं ते नव्हे, चांगलं. तिची दिवसपाळी आहे, एवढं मी आता विचारून ठेवलंय. पडद्यावर 'एल्क फोर्क फायर' उजळलं. हवामान घातलं तर चौदा, नाही तर नऊ.

विझलं.

नॉर्माची पाठ माझ्याकडे होती. ती कांदा चिरत होती. मी काय करतोय ते मी तिला सांगितलं नव्हतं.

"किती?" तिने विचारलं.

"नऊ."

तिने सुरी ठेवून नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले.

मी खिडकीतला पारा बघितला आणि त्या मुक्या डब्यासमोर हळूच म्हणालो, "बाहेर एकसष्ट अंश. पूल कोरडा. सावकाश जा, परत या."

पाच सेकंद लागतात. मोजले.